पुंयोग आणि स्वपद : ‘परिपूर्ती’ या निबंधाचा पुनर्विचार

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा निबंधसंग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. लघुनिबंध या तोवर बऱ्याच गुळगुळीत झालेल्या प्रकाराला व्यासंग आणि अनुभव यांच्या बळावर नवे वळण देणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होते, आणि ती रास्तच आहे. संग्रहाच्या वाङ्मयीन योग्यतेविषयी समीक्षकांत फारसे दुमत नाही. दुमत संभवते ते त्याच्या शीर्षकनिबंधाच्या आशयाविषयी. एका दृष्टीने पाहिले तर तो मातृत्वाचा गौरव ठरतो. दुसऱ्या दृष्टीने पाहिले तर एका विदुषीने परंपरेपुढे टेकविलेला माथा ठरतो. हे दोन्ही निर्णय निबंधाच्या अखेरच्या परिच्छेदावर आधारलेले आहेत. त्या परिच्छेदापर्यंत निबंध कोणत्या शब्दांच्या पायऱ्यांनी पोहोचतो याची चौकशी केली, तर दोन्ही निर्णय अपुरे वाटू लागतात. शिवाय ही चौकशी केवळ वाङ्मयीन राहत नाही. विद्यापीठात अधिकारपदावर असलेल्या स्त्रीचा निर्देश कोणत्या शब्दांनी होतो, या आजही न सुटलेल्या प्रश्नाशी ती येऊन भिडते.

निबंधाचे कथासूत्र लहान आहे. एका समारंभात लेखिकेची श्रोत्यांना ओळख करून दिली जाते. थोर सासऱ्यांची सून, नामवंत पतीची पत्नी अशा नात्यांनी ती ओळख विणलेली आहे. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. पती म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे दिनकर धोंडो कर्वे. ओळख खरी आहे आणि शब्दही गौरवाचे आहेत. तरीही लेखिकेला त्यात काहीतरी राहिल्यासारखे वाटते, आणि काय राहिले ते तिचे तिलाच उमगत नाही. पुढे एकदा रस्त्याने जात असता शाळकरी मुलांचे बोलणे तिच्या कानावर पडते. जाणारी बाई ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई, असे एकजण दुसऱ्याला सांगतो. आणि राहिलेले काय होते याचा तिला उलगडा होतो. शीर्षकाचा अर्थ येथे पुरा होतो.

आता ही लेखिका १९४९ साली कोण होती ते पाहावे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, म्हणून नदीवरून ठेवलेले नाव. १९२८ साली घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी; १९३० साली बर्लिन येथे मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट; १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार; १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हापासून तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक आणि त्या विभागाच्या धुरीण; १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेच्या अध्यक्ष. चव्वेचाळिशीच्या आत एवढी पदे भूषविलेले पुरुष त्या काळच्या पुण्यातही मोजकेच असतील. निबंधातली उणीव भरून काढायला यांपैकी कोणतेही एक पद पुरेसे ठरले असते. परंतु निबंधातला शोध यांतल्या एकाही पदापाशी येऊन थांबत नाही. निबंधाला गती देणारे आणि अखेरीस त्याला विसावा देणारे शब्द नात्याचे आहेत. या गोष्टीचा अर्थ लावणे हे समीक्षेचे खरे काम होय.

त्यासाठी संस्कृत व्याकरणातील एक जुनी भेदरेषा उपयोगी पडते. आचार्याची पत्नी ती आचार्यानी. स्वतः विद्यादान करणारी ती आचार्या. पुरुषाशी असलेल्या संबंधामुळे स्त्रीला जे नाव प्राप्त होते, त्यासाठी पाणिनीने ‘पुंयोग’ हा शब्द योजिला आहे. आणि जे नाव तिला तिच्या कर्तृत्वाने मिळते, त्यासाठी अमरकोशकाराने ‘स्वतः’ हा अगदी साधा शब्द वापरला आहे. दोन्ही प्रकारच्या स्त्रिया भाषेला ठाऊक होत्या, म्हणूनच दोन्हींसाठी वेगळी रूपे सिद्ध करण्याची गरज व्याकरणाला भासली. पतंजलीच्या महाभाष्यात तर औदमेघ्या नावाच्या स्त्रीच्या शिष्यांना ‘औदमेघ’ म्हणावे, असे उदाहरण येते. तेथे ओळखीचा प्रवाहच उलट फिरला आहे. शिष्य गुरूच्या नावाने ओळखले जातात आणि गुरू स्त्री आहे. अशा स्त्रिया संख्येने किती होत्या हे या उदाहरणावरून ठरविता येणार नाही. परंतु वैयाकरणाला ते उदाहरण चमत्कारिक वाटलेले नाही, एवढे निश्चित. ही भेदरेषा सर्वत्र काटेकोरपणे पाळली गेली असेही नाही. ‘उपाध्यायी’ हे रूप पत्नीलाही चालते आणि स्वतः शिकविणारीलाही. संदिग्धतेचे बीज मुळातच आहे.

मराठीत ते बीज चांगलेच फोफावले. ‘पाटलीण’, ‘देशपांडीण’ ही रूपे निखळ पुंयोगाची. ‘मास्तरीण’ मात्र मास्तरांच्या घरात असू शकते किंवा शाळेच्या वर्गात असू शकते. ‘डॉक्टरीणबाई’ औषध देतील की डॉक्टर घरी नसल्याचा निरोप देतील, हे शब्दावरून कळत नाही. ऐकणाऱ्याला गाव आणि काळ ठाऊक असावा लागतो. प्रत्यय एकच, त्यातून पुंयोग घ्यावयाचा की स्वकर्तृत्व, हे समाजाचा अनुभव ठरवितो. ज्या गावात स्त्रीने दवाखाना चालविलेला कोणी पाहिलाच नाही, तेथे ‘डॉक्टरीण’ ही डॉक्टरांची पत्नीच असणार.

या दृष्टीने पाहिले असता निबंधातील समारंभ हा पुंयोगाचा समारंभ ठरतो. वक्ता लेखिकेचा सन्मान करीत आहे याविषयी शंका नाही. पण सन्मानाचे द्रव्य दुसरीकडून आणलेले आहे. येथे इरावती कर्वे यांच्याच शास्त्रीय ग्रंथाची साक्ष काढणे उचित होईल. ‘परिपूर्ती’नंतर चारच वर्षांनी, १९५३ साली, भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग कल्पून, त्या त्या भाषांतील नातेवाचक शब्दांच्या आधारे त्यांनी कुटुंबरचनेची मांडणी केली. महाराष्ट्राची गणना त्यांनी मध्य विभागात केली. उत्तरेची भाषा आणि दक्षिणेची विवाहपद्धती यांची सरमिसळ मराठी शब्दांत कशी दिसते, हा त्या विवेचनाचा लक्षणीय भाग होय. सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची मराठी घरांतील जुनी रीत घेतली, तरी मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल त्या शब्दांत अजून जिवंत दिसते. नात्याचा शब्द हा केवळ जिव्हाळ्याचा उद्गार नसून त्यात हक्क, कर्तव्य आणि दर्जा यांची संपूर्ण व्यवस्था साठविलेली असते, ही जाणीव या लेखिकेइतकी त्या काळच्या महाराष्ट्रात क्वचित् कोणाला असेल. अशी व्यक्ती जेव्हा ‘सून’, ‘पत्नी’, ‘आई’ हे शब्द एका निबंधात ओळीने मांडते, तेव्हा ती ते भाबडेपणाने मांडीत आहे असे समजणे म्हणजे तिच्या व्यासंगाचा विसर पडणे होय.

नातेवाचक शब्द भाषेत कसे वागतात हेही ध्यानात घ्यावयास हवे. ‘सून’ म्हटले की ‘कोणाची?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. ‘प्रपाठक’ हा शब्द असा प्रश्न उपस्थित करीत नाही. प्रपाठक विषयाचा असतो, संस्थेत असतो. तो ‘कोणाचा’ नसतो. विद्यापीठ नावाची संस्था, निदान तत्त्वतः, या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांवर उभी आहे. तेथे कोणी कोणाचा मुलगा म्हणून परीक्षा उत्तीर्ण होत नाही. म्हणूनच विद्यापीठीय स्त्रीची ओळख पहिल्या प्रकारच्या शब्दांनी करून दिली जाते तेव्हा तिला नुसते कमी लेखले जात नाही. तिला संस्थेच्या व्याकरणाबाहेर ठेवले जाते. समारंभातली ओळख ऐकताना लेखिकेला जाणवलेली अस्वस्थता या जातीची असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठीत नात्याचा शब्द हा मोठेपणाचा शब्द आहे, आणि तो पुरुषांनाही लागतो. ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणतात. खुद्द महर्षी कर्वे ‘अण्णासाहेब’ होते. मग सुनेला ‘सून’ म्हटल्याने काय बिघडले? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन भिन्न प्रयोगांची गल्लत झाली आहे. ‘अण्णा’ हे संबोधन आहे. ते बोलणाऱ्याचे नाते सांगते आणि सर्वांना खुले असते. म्हणून अण्णा सर्वांचे होऊ शकतात. ‘अमक्यांची सून’ हा निर्देश आहे. तेथे बोलणाऱ्याचे नाते नाही. स्त्री आणि तिसरा कोणी पुरुष यांचे आहे. पहिल्या प्रयोगाने माणूस केंद्रस्थानी येतो. दुसऱ्याने तो कोणाच्या तरी कक्षेत फिरू लागतो. आप्तवाचकांचा अभ्यास करताना संबोधन आणि निर्देश हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात. शास्त्राची ही शिस्त सभा-समारंभांतही पाळली गेली असती, तर बरेच अवघडलेपण टळले असते.

आता निबंधाच्या अखेरीकडे वळावे. मुलाच्या नावाने आईचा निर्देश करणे हा प्रकार मानवशास्त्राच्या परिचयाचा आहे. त्याला अपत्यनाम म्हणता येईल. पतीचे नाव न घेणारी मराठी स्त्री ‘बाळूचे बाबा’ म्हणते, ते याच जातीचे. इरावती कर्वे आपल्या पतीला नावाने हाक मारीत, असे त्यांच्याविषयी आठवणीने सांगितले जाते. ज्या घराने अपत्यनामाची ही गरज मोडीत काढली, त्या घरातील स्त्रीला रस्त्यावर ऐकू आलेल्या अपत्यनामात पूर्णता लाभावी, हा विरोध निबंधाला चव आणतो. त्यात एक मिश्किल हसू आहे, आणि गंभीर चेहऱ्याने वाचणाऱ्यांकडून ते सुटते.

परंतु मुद्दा केवळ हसण्याचा नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ‘अमक्याची आई’ ही ओळखही परावलंबीच आहे. ‘कोणाची’ हा प्रश्न तेथेही आहे. मग पहिल्या ओळखी अपुऱ्या आणि ही पुरी, असे का व्हावे? उत्तर शब्दांच्या रूपात नाही, त्यांच्या दिशेत आहे. सासरे आणि पती यांच्या नावांबरोबर त्यांची कीर्तीही येते, आणि त्या कीर्तीच्या उजेडात स्त्री दिसू लागते. वर्गातल्या मुलाला कीर्ती नाही. त्याच्या नावाने ओळखले गेल्यामुळे तिच्या वाट्याला कोणताही उसना प्रकाश येत नाही. शिवाय हे नाते तिला लग्नाने आयते मिळालेले नाही. ते तिने वाढविले, निभावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलणाऱ्या पोरांना तिच्याकडून काही मिळवावयाचे नाही, तिचा सत्कार करावयाचा नाही, ती ऐकते आहे याचे त्यांना भानही नाही. सभेतील ओळख ही संस्थेने केलेली असते. रस्त्यावरची ओळख एका पोराने दुसऱ्याला दिलेली साधी माहिती आहे. तेव्हा ‘परिपूर्ती’ हा मातृत्वाचा गौरव आहे असे म्हणण्यापेक्षा, उसन्या मोठेपणाचा तो सौम्य शब्दांतील अव्हेर आहे असे म्हणणे रचनेला अधिक धरून होईल.

इतके मान्य करूनही निबंधाच्या पदरी एक उणेपण बांधावे लागते. उसनी ओळख झिडकारल्यावर लेखिकेपुढे दोन वाटा होत्या: एक घराकडे जाणारी, दुसरी विभागाकडे. तिने पहिली निवडली, आणि ती इतक्या सहजतेने निवडली की दुसरी वाट होती याचा वाचकाला पत्ताही लागत नाही. समारंभ करणाऱ्यांच्या अंगावर काहीच येत नाही. त्यांनी पदाने ओळख करून दिली असती, तर ती पुरी वाटली असती काय, हा प्रश्न निबंध विचारीत नाही. हा दोष स्वभावाचा नव्हे. या लेखिकेचा स्वभाव भिडस्त नव्हता, हे ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील पूज्य व्यक्तींची तिने जी निर्भय चिकित्सा केली तिच्यावरून दिसतेच. दोष बहुधा या साहित्यप्रकाराचा आहे. ललित निबंध घरगुती अनुभवाला पटकन् शरण जातो. विभागातील टाचणांचे, नेमणुकांचे, निधीसाठी केलेल्या खटपटींचे जग त्याला परके वाटते. आणि त्या जगाबद्दल लिहिण्याची रीत मराठी स्त्रियांना कोणी घालून दिलेली नव्हती. आईची भूमिका सांगायला शब्द तयार होते. विभागप्रमुख स्त्रीची भूमिका सांगायला तयार शब्द नव्हते, आणि तो शब्द रस्त्यात उच्चारणारा कोणी मुलगाही नव्हता.

आज ते शब्द तयार आहेत काय? मराठीतील पदवाचक शब्दांची अवस्था पाहिली, तर त्यांत एकसूत्रता दिसत नाही. ‘प्राध्यापिका’, ‘प्राचार्या’, ‘अध्यक्षा’ ही रूपे रुळली. ‘विभागप्रमुख’ दोन्ही लिंगांत चालतो. ‘कुलगुरू’ला स्त्रीलिंगी रूप मिळाले नाही. ‘कुलपती’ आणि ‘राष्ट्रपती’ यांतील ‘पती’ हा शब्द धन्याचा वाचक असूनही नवऱ्याची आठवण करून देतो. २००७ साली प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यावर चर्चा आणि विनोद दोन्ही झाले, आणि अखेर शब्द होता तसाच राहिला. सर्वांत बोलके उदाहरण ‘अधिष्ठाता’ या शब्दाचे. त्याचे ‘अधिष्ठात्री’ हे निर्दोष स्त्रीलिंगी रूप मराठीत फार पूर्वीपासून आहे. पण ते देवीसाठी राखून ठेवलेले. विद्येची अधिष्ठात्री स्त्री असू शकते, विद्याशाखेची मात्र अधिष्ठाता! ‘अभिनेत्री’ हे रूप कोणालाही खटकले नाही. ‘नेत्री’ मात्र रुजले नाही, आणि वृत्तपत्रांनी ‘नेत्या’ हे नवेच रूप आदरार्थी बहुवचनाच्या वळणाने घडविले. ‘नेतृत्व’ हे भाववाचक नाम तेवढे नपुंसकलिंगी असल्याने भाषणांना सोयीचे पडते.

तरीही प्रत्येक पदाला स्त्रीप्रत्यय लावावा, हा त्यावरचा उपाय नव्हे. मराठीत क्रियापदच लिंग सांगते. ‘कुलगुरू म्हणाल्या’ या वाक्यात काही संदिग्ध राहत नाही आणि पदाचा शब्दही अभंग राहतो. इंग्रजीला जी सोय नाही ती मराठीला उपजत आहे. कायद्याची रीत वेगळी. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाने पुल्लिंगी शब्दात स्त्रीचा अंतर्भाव होतो असे ठरवून दिले, आणि तेव्हापासून स्त्री कायद्याच्या पोटात बसली. दिसली मात्र नाही. अंतर्भाव आणि निर्देश या दोन गोष्टी एक नव्हेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर काम करताना हंसा मेहता यांनी हाच भेद ओळखला, आणि १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ देऊ शकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारे शब्द घालावयास लावले. त्याच हंसा मेहता १९४९ साली, म्हणजे ‘परिपूर्ती’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि १९५८ पर्यंत त्या पदावर होत्या. बडोद्याच्या दिवाणांची कन्या, जीवराज मेहतांची पत्नी अशी पुंयोगी ओळख त्यांच्याही मागे होती. परंतु त्यांच्या हाती पद होते आणि पदाच्या शब्दाचे मोलही त्यांना ठाऊक होते.

महिला विद्यापीठाचा इतिहास या बाबतीत अधिक गुंतागुंतीचा आहे. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी ते स्थापन केले, मातृभाषेला शिक्षणाचे माध्यम केले. त्याचे पहिले कुलपती रा. गो. भांडारकर. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्या नावात स्त्रीचे नाव आहे, पतीचे आहे, कुळाचे आहे. आणि ते कोरले गेले ते मुलाच्या कर्तृत्वामुळे. स्त्रियांच्या विद्यापीठाचे नावच एका परीने अपत्यनामाच्या न्यायाने सिद्ध झाले. पुढे विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. संस्थेशी त्यांचा संबंध पुंयोगाने जडला, पण पदाचे काम त्यांचे त्यांनीच केले. पुंयोगाने दार उघडते आणि आत गेल्यावर स्त्री स्वतः उभी राहते, असा हा मधला प्रकार व्याकरणकारांच्या दोन रकान्यांत बसत नाही. महाराष्ट्रातील अनेक कर्तृत्ववान स्त्रियांचे जीवन मात्र त्यातच बसते. इरावती कर्वे यांच्या रजिस्ट्रारपदाकडेही या प्रकाशात पाहता येईल, कारण ते विद्यापीठ सासऱ्यांनी काढलेले होते. डेक्कन कॉलेजातील पदाला तसा आधार नव्हता.

समीक्षकांची स्वतःची भाषाही तपासण्यासारखी आहे. मराठी लेखनात ‘इरावतीबाई’ हा निर्देश सर्रास आढळतो. त्यांच्या गुरूंना मात्र ‘घुर्ये’ म्हणतात, ‘गोविंदराव’ नव्हे. यात अनादर आहे असे एकदम म्हणता येत नाही. ‘बाई’ हा मराठी शाळा-कॉलेजांतला ‘सर’च्या तोडीचा शब्द आहे, तो पुंयोगी नाही आणि विद्यार्थ्याच्या तोंडी त्याला चांगले वजन आहे. त्यातच ‘कर्वे’ एवढेच लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे महर्षी उभे राहतात, ही व्यावहारिक अडचणही खरी. परंतु जे संबोधन वर्गात शोभते ते प्रबंधाच्या पानावर वेगळा परिणाम करते. तेथे पुरुष आडनावाने विचारवंत होतो आणि स्त्री पाळण्यातल्या नावाने घरातली राहते.

याहून उघड प्रकार ‘सौ.’ आणि ‘कु.’ या उपपदांचा. ‘प्रा. सौ.’, ‘डॉ. कु.’ अशी जोडपदे निमंत्रणपत्रिकांत, स्मरणिकांत, क्वचित् प्राध्यापकांच्या याद्यांतही दिसतात. ‘प्रा.’ हे संक्षिप्त रूप स्त्री-पुरुषांना सारखेच, कारण त्यात प्रत्ययापूर्वीच शब्द तुटतो. त्या योगायोगाने मिळालेली समता पुढच्या दोन अक्षरांत हिरावून घेतली जाते. विदुषीचा पती हयात आहे की नाही, किंवा तिचे लग्न झाले आहे की नाही, हे व्याख्यानाच्या विषयाशी कसे निगडित आहे, ते पत्रिका छापणाराच जाणे. पुरुष प्राध्यापकाच्या नावामागे अशी माहिती देण्याची सोय मराठीत केलेलीच नाही. ‘महिला कुलगुरू’ या प्रयोगात ‘महिला’ या विशेषणाचे कामही असेच संशयास्पद आहे. पहिल्या नेमणुकीच्या बातमीत ते माहिती देते, दहाव्या नेमणुकीच्या बातमीत ते अपवाद सांगते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभेतील निवडून द्यावयाच्या काही जागा स्त्रियांसाठी राखल्या, हे योग्यच झाले. पण त्या जागेवर आलेली सदस्या बोलू लागली की ती ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून बोलते असे धरले जाते, आणि शेजारचा सदस्य पदवीधरांचा प्रतिनिधी म्हणून. तिलाही पदवीधरांनीच निवडून दिलेले असते.

शब्द सुधारल्याने सत्ता मिळते असा येथे दावा नाही. स्त्रीला विभागाचा निधी, नेमणुकांतील अधिकार आणि संशोधनासाठी मोकळा वेळ मिळाला नाही, तर तिला ‘प्रमुख’ म्हणा की ‘प्रमुखा’ म्हणा, फरक पडत नाही. परंतु पदावर असलेली स्त्री भाषेत हात घालते तेव्हा काय होऊ शकते, याचे एक उदाहरण मुंबईत घडले. १९९५ ते २००० या काळात स्नेहलता देशमुख मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्याच्या आईचे नाव घालण्याच्या निर्णयाचे श्रेय त्यांना दिले जाते. पाणिनीने आईच्या नावावरून अपत्याचे नाव सिद्ध करण्याची सोय केली होती, आणि ‘कौन्तेय’, ‘राधेय’ ही नावे त्या सोयीची साक्ष देतात. प्रमाणपत्राने ती सोय दीर्घ काळानंतर पुन्हा वापरात आणली. १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आपल्या दस्तऐवजांसाठी लागू केला, हे त्याच दिशेचे पाऊल होय. ‘परिपूर्ती’तील आई मुलाच्या नावाने ओळखली गेली, येथे मूल आईच्या नावाने ओळखले जाते.

मात्र या कागदावरही स्त्री आई म्हणूनच आली आहे, हे विसरून चालणार नाही. प्राध्यापक स्त्रीच्या सेवापुस्तिकेतील नाव अजून बहुधा पतीच्या नावासह असते. विवाहापूर्वीचे तिचे शोधनिबंध एका आडनावाखाली आणि नंतरचे दुसऱ्या आडनावाखाली विखुरतात. ग्रंथालयाच्या तालिकेत त्या दोन भिन्न विदुषी ठरतात, आणि बढतीच्या वेळी दोघी एकच आहेत हे तिला प्रतिज्ञापत्राने सिद्ध करावे लागते. विभागांना यातले पुष्कळ काही आपल्या अधिकारात करता येण्याजोगे आहे. तालिकेत दोन्ही नावे परस्परनिर्देशासह नोंदविणे, याद्यांतून आणि पत्रिकांतून ‘सौ.’, ‘कु.’ वगळणे, आणि व्याख्यात्यांचा परिचय करून देताना आधी पद, मग ग्रंथ, आणि कुटुंब सांगावयाचेच असेल तर ते व्याख्यात्याला विचारून सांगणे, एवढ्यासाठी कोणत्याही अधिनियमात दुरुस्ती करावी लागत नाही.